ओरडायला लावणारा क्लास

आमच्या मजल्यावर सावंतांच्या घरी दिवसा कुकरची शिटी होत नाही. सुगंधा भात पातेल्यात शिजवते आणि डाळ रात्री, नवरा कामावर गेल्यावर, कुकरला लावते. दाराची बेल काढून ठेवलेली आहे, बोटाने टकटक करायची. टीव्ही लावलाच तर आवाज बंद ठेवून नुसती चित्रं बघायची. भटवाडीत, जिथे एका घरातलं भांडण दुसऱ्या घरात तोंडपाठ असतं, तिथे असं घर म्हणजे नवलच.

कारण साधं आहे. सुगंधाचा नवरा सुयोग साकीनाक्याला पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या एका गाळ्यात रातपाळी करतो. पुठ्ठे कापायचं मशीन त्याच्या हाती असतं. सकाळी आठला येतो, आंघोळ करून खातो आणि चारपर्यंत झोपतो. सुगंधाचे सासरे, नाना, गिरणीत होते तेव्हा तेही रातपाळीच करायचे. आता ते गावी कणकवलीकडे असतात. सुगंधा लग्न करून आली त्याच आठवड्यात त्यांनी तिला समोर बसवून सांगितलं होतं की त्यांच्या एका जोडीदाराची झोप झाली नव्हती आणि त्याची दोन बोटं मागात गेली. तेव्हापासून सुगंधाने नवऱ्याच्या झोपेला जसं सांभाळलंय, तसं लोक घरातलं सोनंनाणंही सांभाळत नाहीत.

त्यांची मुलगी प्रांजल याच घरात वाढली. रांगायला लागली तेव्हापासून तिला "हळू" हा शब्द माहीत. आता सातवीत आहे. चालताना पावलं वाजत नाहीत, दार लावताना कडीचा आवाज येत नाही. "किती गुणी पोर गं," असं अख्खी बिल्डिंग म्हणायची. गुणी कसली, पोरीचा आवाज बसून गेला होता आणि आम्ही तिचं कौतुक करत होतो. मला या गोष्टीचा आजही राग येतो, म्हणून आधीच सांगून टाकते.

गेल्या मार्चमधली गोष्ट. लिफ्ट बंद होती. प्रांजल दुपारी शाळेतून येऊन जिने चढत होती. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर एक अनोळखी माणूस उभा होता. त्याने वाट अडवली आणि तिचं मनगट धरलं. पोरगी हात ओढत राहिली, पण तोंडातून एक शब्द काढला नाही. तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या हंसाबेन कचऱ्याचा डबा ठेवायला बाहेर आल्या आणि तो माणूस खाली पळाला. तो पुढे काही सापडला नाही. सोसायटीने जिन्यात कॅमेरे बसवले, पोलिसांत तक्रार झाली, वॉचमन बदलला. जे नंतर करतात ते सगळं झालं.

हंसाबेनने तिला वर आणून सोडलं तेव्हा मी तिथेच होते. मनगटावर लाल वळ उठला होता. सुगंधाने तिला जवळ घेतलं आणि हळूच विचारलं, "अगं, ओरडली का नाहीस?"

प्रांजल म्हणाली, "पपा झोपले होते ना."

सुगंधा रडेल असं मला वाटलं होतं. ती रडली नाही. तिने पोरीला पाणी दिलं, हात धुवायला लावले, वळाला हळद लावली. संध्याकाळी सुयोग उठल्यावर त्याला सगळं सांगितलं. तो जेवला नाही, तसाच कामावर गेला. दुसऱ्या दिवशी त्याने दिवसपाळी मागून बघितली. मिळाली नाही.

त्या दिवशी सुगंधा माझ्या दारात आली. सकाळी ती एका पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरवर बसते, तिथून तशीच आली होती. "मानसीवहिनी, चला माझ्याबरोबर. प्रांजलला कराटे, ज्युडो, काय असेल त्या क्लासला घालायचंय. मला कुणीही गंडवेल, तुम्हाला कळतं."

मला कळतं हे खरं. वीस वर्षं विमा विकतेय मी. समोरचा काय विकतोय ते त्याने तोंड उघडायच्या आधी माझ्या लक्षात येतं.

पहिला क्लास अंधेरीचा. काचेचा दरवाजा, एसी, भिंतभर मेडलांचे फोटो आणि गुळगुळीत बोलणारे सर. पट्टे कोणकोणत्या रंगाचे, किती महिन्यांत कुठला मिळतो, दोन मुलं घातली तर काय सवलत, सगळं एका दमात सांगून झालं. मी मनातल्या मनात त्यांना माझ्या ऑफिसात नोकरी देऊन टाकली. सुगंधाने सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "सर, इथे मुली ओरडतात का?"

सरांना वाटलं, ही तक्रार करतेय. "छे छे मॅडम! आपल्याकडे फुल डिसिप्लिन आहे. टाचणी पडली तरी ऐकू येईल."

सुगंधा उठली. "शांतता आमच्या घरी भरपूर आहे," म्हणाली आणि चपला घालू लागली. मला हसू आवरेना.

दुसरा मालाडला. तिथे धवल नावाचा पोरगेलासा सर होता. मढच्या बंगल्यांत शूटिंग असलं की मारामारीच्या सीनमध्ये तो पडायची, उड्या मारायची कामं करायचा. आरसे, रंगीत दिवे, कानठळ्या बसवणारं म्युझिक. पोरं हवेत गिरक्या घेत होती. प्रांजलचे डोळे चमकले. त्या जिन्यानंतर ती पहिल्यांदाच स्वतःहून बोलली, "आई, हाच. प्लीज ना."

आता मला सांगा, अशा वेळी कुठली आई नाही म्हणेल? मी तर पर्स उघडायच्या बेतात होते. सुगंधा मात्र धवलजवळ गेली आणि त्याला म्युझिक बंद करायला लावलं. त्यानेही केलं बिचाऱ्याने. मग तिने तोच प्रश्न विचारला. धवलने कपाळावरचा घाम पुसला. मग म्हणाला, "काकू, खरं सांगू? हे झकास दिसतं, पोरांना मजा येते, अंग मोकळं होतं. पण तुम्हाला जे पाहिजे ना, ते इथे नाही. मुलुंडला शुभाताईंकडे जा. मी पडायला त्यांच्याकडेच शिकलो."

परतताना रिक्षात प्रांजल फुरंगटून बसली होती. "तुला काहीच आवडत नाही," असं आईला म्हणाली, तेही कुजबुजत. सुगंधा म्हणाली, "हेच मोठ्याने म्हण, मग मालाडला घालते." पोरीने तोंड बाहेरच्या बाजूला वळवलं.

मुलुंडचा क्लास एका मंगल कार्यालयात भरायचा. लग्न नसेल त्या दिवशी खुर्च्या भिंतीला लावून जाड गाद्या अंथरायच्या, झाला क्लास. पहिला तास मुलांचा, दुसरा मोठ्यांचा. शुभाताई पन्नाशीच्या, गुडघ्याला पट्टा बांधलेल्या. त्यांनी फी सांगितली नाही, पट्टे दाखवले नाहीत. "आधी एक दिवस बसून बघा," एवढंच म्हणाल्या.

आम्ही बसलो. मुलं आधी पडायला शिकत होती. मग धरलेला हात अंगठ्याच्या बाजूने कसा सोडवायचा ते, आणि सोडवला की थांबायचं नाही, पळायचं. मारण्यापेक्षा पळण्यावरच भर. मला विचाराल तर हा पहिलाच क्लास असा होता की जिथे कुणी काही विकत नव्हतं.

सुगंधाने विचारलं, "ताई, इथे मुली ओरडतात का?"

"ओरडतात. पण पहिल्या दिवशी कुणालाच येत नाही. तुम्हाला येतं?"

सुगंधा गोंधळली. "मला? म्हणजे... येत असेल की."

"ओरडा बरं. 'हात सोड' म्हणा."

सुगंधाने पदर सावरला, तोंड उघडलं आणि "हात सोड" म्हणाली. काउंटरवर एखाद्याला "पावती घ्या" म्हणावं तितकंच. प्रांजल खुदकन हसली. शुभाताई हसल्या नाहीत. "दोघींना घेते. एकटीला नाही घेणार," म्हणाल्या.

अशी सुगंधा अडतिसाव्या वर्षी गादीवर पडायला लागली. जुना पंजाबी ड्रेस, ओढणी कमरेला गच्च बांधलेली. पहिल्या आठवड्यात तिला बसताना कण्हावं लागायचं, पण एक दिवस खाडा केला नाही. मी म्हटलं, "अगं, हाडं मोडून घेशील." ती म्हणाली, "मोडली तर मोडली, वहिनी. ही पोर उद्या कॉलेजला जाईल, नोकरीला जाईल. मी कुठे कुठे तिच्यामागे जिन्यात उभी राहणार?"

मनगट सोडवायला प्रांजल भराभर शिकली. आवाजाचं मात्र घोडं अडलं. सगळ्या मुलांबरोबर ओरडायची, पण त्या गलक्यात तिचा आवाज कुठला ते देव जाणे. एकटीला उभं केलं की ओठ हलायचे आणि बाहेर वारा. दोन महिने झाले तरी तेच. शेवटी शुभाताईंनी सुगंधाला बाजूला घेतलं. "हॉलमध्ये हे सुटणार नाही. जिथे अडकलंय तिथेच सोडवा. घरी. तिचे पपा झोपलेले असताना."

सुगंधाचा चेहरा उतरला. "ताई, त्यांच्या हातात मशीन असतं."

"मग कधी, ते तुम्ही ठरवा. पण ठरवा."

घरी आल्यावर तिने मला हे सांगितलं आणि माझं डोकं फिरलं. म्हटलं, "तुमच्या त्या ताईंना सांग, ज्ञान पाजळू नका. तो माणूस रात्रभर राबतो, त्याची झोप मोडायची? गच्चीवर ने पोरीला, तिथे काय ती बोंब मारू दे." सुगंधाने ऐकून घेतलं. "गच्चीवर ती ओरडेलही, वहिनी. जिन्यात नाही ओरडणार," एवढंच म्हणाली आणि गेली. मला तेव्हा तिचा रागच आला होता.

त्यानंतर तिने सुयोगला सांगितलं, "अहो, शुक्रवारी रात्री रजा टाका."

"का? कोण येतंय?"

"टाका म्हटलं ना."

त्याने टाकली. त्याला वाटलं, गावचं कुणी येतंय. मला तिने यातलं काहीच सांगितलं नव्हतं.

शुक्रवारी दुपारी मी फोनवर एका गिऱ्हाइकाला पॉलिसी समजावत होते. माणूस जवळजवळ तयार झाला होता. आणि शेजारून असा आवाज आला की माझ्या हातातला चहा सांडला.

"हात सोड!"

तो आवाज मी कधी ऐकलेलाच नव्हता. पुन्हा आला, त्याहून मोठा, भिंत चिरत आल्यासारखा. मी फोन तसाच हातात धरून अनवाणी धावले. समोरचे श्यामसुंदरकाका अर्धी दाढी केलेल्या तोंडाने काठी घेऊन बाहेर आले होते. हंसाबेन जेवणातून उठून खरकट्या हाताने जिना चढत होत्या. त्यांच्यामागून वॉचमन शिट्टी फुंकत येत होता. मी सावंतांच्या दारावर मोकळ्या हाताने धडाधड वाजवलं. त्या दारावर असं कुणी कधी वाजवलं नसेल.

आत काय झालं ते सुगंधाने मला नंतर सांगितलं. तिने प्रांजलला पपांच्या पलंगाजवळ उभं केलं होतं. स्वतः तिचं मनगट धरलं. त्याच हाताचं, आणि तसंच घट्ट. "ओरड," म्हणाली. प्रांजलने मान हलवली. "आई, पपा झोपलेत." सुगंधाने पकड आणखी आवळली. पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी सोडली नाही. "झोपू देत. दुखतंय ना? मग ओरड." स्वतःच्या लेकीचा हात पिरगळताना तो सोडून द्यावा असंच वाटत होतं, असं म्हणाली. पण सोडला असता तर पुन्हा कधी धरायची हिंमत झाली नसती. आणि मग प्रांजल ओरडली. ओरडली आणि अंगठ्याच्या बाजूने झटका देऊन हात सोडवलाही.

दार उघडलं. दारात सुगंधा उभी होती, घामाने चिंब. तिच्यामागे प्रांजल, लालबुंद, मनगट चोळत. मी तोंड उघडलं, चांगली खरडपट्टी काढणार होते. माझं गिऱ्हाईक फोनवर अजून "हॅलो, हॅलो" करत होतं. पण सुगंधाने आमची माफी मागितली नाही. दार सताड उघडलं, प्रांजलला खांद्याला धरून पुढे आणलं आणि आमच्यासमोर उभं केलं.

"बघून घे," म्हणाली. "काका दाढी टाकून आले. हंसाबेन ताटावरून उठल्या. वहिनी बघ, चप्पलसुद्धा नाही पायात. तू ओरडलीस म्हणून आले सगळे."

प्रांजल एकेकाकडे बघत होती. श्यामसुंदरकाकांच्या गालावरचा फेस खाली ओघळत होता, तरी ते हलले नाहीत. मी फोन बंद केला. गेली पॉलिसी तर गेली.

तेवढ्यात आतून सुयोगचा आवाज आला. तो पलंगाच्या कडेला बनियनवर उभा होता, केस विस्कटलेले, हातात उशाशी असलेला टेबलफॅन, वायरसकट उपटलेला. कुणाला मारायला उचलला होता ते त्यालाही कळलं नसेल. झोपेतून उठला की त्याच्या तोंडी गावची बोलीच येते.

"सगळ्यांच्या आधी मी उठलंय," तो म्हणाला. "ता सांग तिका."