किताब पूजेत बसली

शिवलेल्या, बांधलेल्या कागदांना आमच्या घरात वेगवेगळी नावं होती. देवघरात पोथ्या, मधल्या खोलीत सासऱ्यांची दप्तरं, स्वयंपाकघराच्या कोनाड्यात माझी सामानाची वही. त्या वर्षी आणखी एकाची भर पडली. यजमानांनी पाटोद्याच्या मौलवीसाहेबांकडून उर्दूची किताब मागून आणली. निजामाच्या राज्यात तहसिलीत चिकटायचं तर उर्दूची परीक्षा द्यावी लागे, आणि ती दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी होती.

नवरात्रात सरस्वती मांडताना आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, घरातलं असलं सगळं गोळा केलं. मी चुलीपाशी होते. बाहेर येऊन बघते तर पोथ्यांच्या रांगेत किताब, तिच्यावर हळदकुंकू. आता दसऱ्याला विसर्जन होईपर्यंत कुणी तिला हात लावायचा नाही.

"आई, ती पोथी न्हाई, किताब हाय," यजमान म्हणाले.

"अक्षरं हायेत ना तिच्यात? मग सरस्वतीला काय जात विचारू?"

ते ओसरीवरून अंगणात, अंगणातून ओसरीवर नुसते फिरत राहिले. मलाही चैन पडेना. निवडलेली डाळ मी पुन्हा निवडली. शेवटी पाणी द्यायच्या निमित्तानं हळूच म्हटलं, "मौलवीसाहेब तर पूजेत बसले न्हाईत."

ते भीत भीतच गेले, कारण किताबीला कुंकू लागल्याचं सांगायचं होतं. मौलवीसाहेब हसले म्हणे. पण दुसरी किताब त्यांच्याकडेही नव्हती. त्यांनी पेटीतून कचेरीचे जुने हुकूम काढले, घाईघाईत हातानं लिहिलेले, आणि तेच वाचायला बसवलं. यजमान रोज चिडून परत येत. धडे राहिले बाजूला आणि मी गिचमिड वाचत बसलोय, म्हणत.

दसऱ्याला आत्याबाईंनी अक्षता टाकून किताब त्यांच्या हातात दिली. त्यांनी भराभरा पानं उलटली, एकही धड वाचलं नाही.

परीक्षेच्या दिवशी मी सकाळपासून कामं काढली आणि सगळी अर्धी सोडली. ते दिवेलागणीला आले. वहाणा काढता काढता म्हणाले, "किताबीतलं काहीच विचारलं न्हाई. हातानं लिहिलेला एक हुकूम पुढं टाकला."

"मग?" आत्याबाईंसमोर त्यांच्याशी बोलायची रीत नव्हती, तरी मी विचारलं.

"वाचला."

आत्याबाईंनी मला टोकलं नाही. नेमणुकीचा कागद येईपर्यंत मात्र दाराशी पावलं वाजली की मी हातातलं टाकून उठत असे.