बिनखुणेचं अंडं

माझा स्वभाव तापट आहे हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं वाचून कुणी म्हणेल, एवढी शिकलेली बाई आणि सख्ख्या मावशीवर अशी डाफरली. डाफरले, हो. अजून ते आठवलं की जेवण जात नाही.

नाशिकच्या एका कॉलेजात माझी पीएच.डी. चालली होती. कोंबडीच्या गर्भात मेंदू घडायला लागतो तेव्हा कुठलं जनुक कुठे आणि कधी जागं होतं, हा विषय. अंडं उबेला ठेवलं की दिवसभरात गर्भाच्या पाठीवर एक चपटी पट्टी दिसते. मग तिच्या दोन्ही कडा उचलल्या जातात, एकमेकींकडे झुकतात आणि करंजीच्या कडांसारख्या जुळतात. त्या नळीचा पुढे मेंदू आणि मज्जारज्जू होतो. माझं जनुक कडा जुळायच्या आधीचे काही तासच बोलतं, असं मी मार्गदर्शक सरांना पाच वर्षं सांगत आले होते. ते दाखवायचं तर प्रोब नावाचं द्रावण लागतं. जनुक जिथे बोलत असेल तिथे ते चिकटतं आणि शेवटी तेवढाच भाग जांभळा होतो. पाच वर्षांत माझ्या एकाही गर्भावर जांभळा ठिपका उमटला नव्हता.

कारण आमचं उबवणी यंत्र. कधी अंडी गार पडायची, कधी उकडून निघायची, आणि गर्भ वेडेवाकडे, पाठ उघडीच राहिलेले. सरांनी सांगून टाकलं की महिनाअखेरीस नोंदणी संपते आणि आता मुदतवाढ नाही. नळीच्या तळाशी एका खेपेपुरता प्रोब उरला होता. नवा यायला चार महिने. मी जिन्यात बसून इतकी रडले की शिपाईमामा न विचारता चहा ठेवून गेले.

तेव्हा मावशी आठवली. पिंपळगावच्या अलीकडे द्राक्षबागांच्या कडेला तिचं घर, दारात दहा-बारा गावठी कोंबड्या आणि एक माजलेला कोंबडा. फोन केला तर म्हणाली, एक तांबडी खुडूक झालीय, हुसकली तरी उबेवरून उठत नाही. मला हुंदकाच आला. कोंबडीच्या पोटाखालची ऊब कुठल्याही यंत्रापेक्षा खात्रीची, आणि वीज गेली तरी ती जात नाही. मी मावशीला बजावलं, रांजणाखालच्या गार वाळूतली आठ ताजी अंडी काढ, कोळशाने खूण कर आणि शुक्रवारी सकाळी सहाला तांबडीखाली ठेव. का, ते सांगितलं नाही. तिला काय कळणार, असं मनात होतं. लाज वाटते लिहिताना.

शनिवारी सकाळी जाऊन अंडी कापसात गुंडाळून आणली. नऊ निघाली. एकावर खूण नव्हती, म्हटलं चुकून आलं असेल, ऑम्लेटला होईल. ते बाजूला ठेवलं आणि दुपारी बाराला पहिलं खुणेचं अंडं फोडून सूक्ष्मदर्शकाखाली धरलं.

आत हृदय धडधडत होतं. तीस तासांच्या गर्भात ते असायला नको. डोक्याकडच्या कडा केव्हाच जुळून गेल्या होत्या. दुसरं फोडलं, तेच. आठही तशीच निघाली. मी मावशीला फोन लावला.

"कधी बसवलीस कोंबडी?"

"गुरुवारी सांजेला. शुक्रवारी अमावस्या व्हती ना. अमावस्येला कोण कोंबडी बसवतं? तुला बोलले नाय, तू हसली असतीस."

हसले असतेच. मागे तिच्या उपासांवर, तिच्या नजर काढण्यावर मी भरल्या घरात हसले होते. पण त्या क्षणी हे कुठलं सुचायला. मी म्हणाले, "तुझ्या अमावस्येनं माझी पाच वर्षं खाल्ली."

मावशी फोन ठेवेल असं वाटलं. तिने ठेवला नाही. हळूच विचारलं, "ते बिनखुणेचं फोडलंस का? ते काळ्या कोंबडीचं हाय. शुक्रवारी उजाडल्यावर तांबडीच्या अंगावर चढून घातलं तिनं. म्या तसंच राहू दिलं."

मी ते अंडं दोन्ही हातांनी उचललं. फोडलं तर आत पट्टीच्या कडा उभ्या, समोरासमोर, अजून न जुळलेल्या. मला हवे होते तेच तास. उरलासुरला सगळा प्रोब त्या एका गर्भावर घातला आणि मावशीला पहिल्यांदाच कळवलं की आता याला जांभळा रंग यायची वाट बघायची. मधले दिवस कसे काढले माझं मला माहीत. मंगळवारी दुपारी बशीत रंग चढायला लागला. दोन्ही कडांवर बारीक जांभळी रेघ, जिथे म्हणत होते बरोबर तिथे. माझं जनुक खरंच बोलत होतं.

सरांनी बराच वेळ पाहिलं. सुंदर आहे, म्हणाले. मग चष्मा काढून म्हणाले की एका गर्भावर काही सिद्ध होत नाही, समितीला निदान आणखी चार दाखवावे लागतील. त्यांचं काही चूक नव्हतं. मी प्रोबची रिकामी नळी उजेडात धरून पुन्हा पाहिली.

संध्याकाळी मावशीचा फोन आला. मी माफी मागायला तोंड उघडलं, पण तिने बोलू दिलं नाही.

"रंग आला का गं?"

"आला."

"मंग झालं तर. तांबडी अजून बसून हाय बघ. पुढल्या खेपेला तू म्हणशील त्याच घटकेला बसवते. अमावस्या असली तरी बसवते."

मी बरं म्हणाले.