एका बोटाची गिटार

नाव: हरालांपी कोलेव्ह स्तानेव्ह. राहणार: लोवेच, नदीकाठची वसाहत, तिसरा मजला. व्यवसाय: बसस्थानकावरील निवृत्त उद्घोषक. सदर इसमास गेल्या शरदात अर्धांगवायूचा झटका आला असून डाव्या हाताच्या तर्जनीखेरीज त्या हाताच्या अन्य बोटांवर त्याचे नियंत्रण नाही. तथापि सदर इसम सर्व दैनंदिन कामे स्वतः करण्यास सक्षम आहे. दुसऱ्याच्या मदतीची गरज: नाही.

वैद्यकीय समितीने खाली गोल शिक्का मारला तेव्हा हरालांपीला बरं वाटलं. अडचण एवढीच, की समितीचं मत त्याच्या बायकोला मान्य नव्हतं. रुसाना इटलीत एका म्हातारीची देखभाल करायची. "काम सोडते, येते," ती फोनवर म्हणाली. आणि ती आली, की आपण खरोखरच आजारी ठरणार, अशी त्याला धास्ती.

"अगं, हात सुधारतोय. हे ऐक."

त्याने फोन संगणकाजवळ ठेवला. भिंतीवरची त्याची जुनी गिटार झटक्यापासून मुकी होती, पण इंटरनेटवर त्याला दुसरी सापडली होती; पडद्यावर काढलेल्या सहा तारा. कीबोर्डवरचं एक अक्षर दाबलं की सगळी बोटं तारांवर बसल्यासारखी, आणि उजव्या हाताने माऊस ओढला की झंकार. त्याचं एकच बोट ऐकायचं, या गिटारीला एकच पुरायचं. पलीकडे रुसाना रडली. खोटं सुरू झालं ते असं, अगदी सुरात.

मग हिवाळाभर फोनवर मैफल. फोनचा कॅमेरा बिघडला होता, तो बिघडलेलाच राहिला. वरच्या मजल्यावरच्या पेनामावशींनी फरशीला कान लावून वसाहतभर केलं, की हरालांपीची बोटं सुटली. तो हो म्हणाला नाही. नाहीही म्हणाला नाही.

फेब्रुवारीत संत हरालांपीचा दिवस आला. ज्याच्या नावाचा संत, त्याच्या घरी लोक न बोलावता येतात. तेव्हा कुणालाच बोलवायचं नाही, ही पळवाटही नव्हती. त्यात रुसानाने कळवलं, येतेय, गिटारीला नव्या तारा आणतेय, परतीची बस मंगळवारी. जिन्यावरून घसरून पडावं का, असाही विचार त्याने केला. जिना तसा सोयीचा होता.

सणाला खोली भरली. टेबलावर मधाचा पाव, रुसानाने सकाळीच पोहोचून तारा चढवलेली जुनी गिटार त्याच्या मांडीवर.

"चल, वाजव!" जुना बसचालक झेल्यो ओरडला. "नाहीतर मी गातो, मग पोलीस येतील."

हरालांपीच्या डाव्या हाताची बोटं गिटारीच्या मानेवर अनोळखी पाहुण्यांसारखी बसून राहिली. शेवटी तो उठला, संगणक लावला, एका बोटाने अक्षर दाबलं आणि माऊस ओढला. हिवाळाभर ऐकलेला तोच झंकार.

"अरे मेल्या," पेनामावशी म्हणाल्या, "मी हिवाळाभर फरशीला कान लावून डोळे पुसले, ते या खोक्यासाठी?"

झेल्यो हसून लोळला आणि लगेच म्हणाला, "सरक, मला बघू दे."

रुसाना हसली नाही. ती त्याच्या उजव्या मनगटाकडे बघत होती. माऊसबरोबर शर्टाची बाही लोंबत होती; तिचं बटण डाव्या हाताने लावावं लागतं.

"बटण का नाही लावलंस?"

"उकडतंय."

खिडकीबाहेर बर्फ पडत होतं.

"हिवाळाभर उकडत होतं?"

ती स्वयंपाकघरात जाऊन ताटल्या आपटू लागली. तो मागोमाग गेला.

"म्हातारीला उचलताना मी तुझं वाजवणं गुणगुणायचे, लांबो," ती पाठमोरीच म्हणाली. "यंत्राचं!"

"बोट माझंच होतं, रुसा."

"बाकीची चार?"

"मदतीची गरज नाही, असं समितीनेच लिहिलंय."

"समिती तुझ्या बाह्या लावायला येते?"

बाहेरच्या खोलीत झेल्यो संगणकावर काहीतरी भयंकर वाजवत होता. रुसाना ताटली पुसत राहिली, कोरडी झाल्यावरही. मंगळवारी जाणार का, हे विचारायची त्याची छाती झाली नाही.

मंगळवारची बस वेळेवर सुटली. साधारण त्याच वेळी, तिसऱ्या मजल्यावर, हरालांपीच्या उजव्या बाहीचं बटण रुसाना लावत होती.