उम यूसुफबरोबर व्हिएन्नात

छप्पन साली मी मुंबईहून कुवेतच्या बोटीत बसले तेव्हा बाबा आणि माझी धाकटी बहीण शालन धक्क्यावर आले होते. बाबा नगरजवळच्या मिशनच्या शाळेत मास्तर. शेंगदाण्याच्या चटणीचा डबा त्यांनी माझ्या हातात दिला, पुन्हा काढून घेतला, झाकणावरून सुतळी आवळून बांधली आणि परत दिला. म्हणाले, "दुखणं अंगावर काढत बसू नकोस. बरं नसलं तर लिहायचं." बोट सुटायला चार तास उशीर झाला. ती दोघं उन्हात तशीच उभी. शेवटी मलाच वाटायला लागलं, सुटावी एकदाची. तेव्हाही दुःखापेक्षा थकवाच जास्त होता.

मी नर्स. कुवेतच्या हॉस्पिटलात बायकांच्या वॉर्डात लागले. आठ-आठ तासांच्या ड्यूट्या, हॉस्टेलची खोली, खिडकीच्या फटीतून येणारी वाळू. शालनचं पत्र महिन्याला यायचं आणि त्यात ठरलेलं वाक्य असायचं, 'बाबा बरे आहेत, तुझी आठवण काढतात.' चार वर्षांनी एका पत्रात आलं की बाबा गेले, माती होऊन नऊ दिवस झाले. तीन महिने अंथरुणाला होते. 'तू एवढ्या लांब, उगीच जिवाला घोर नको म्हणून कळवलं नाही.' पत्र मी ड्यूटी रूममध्ये वाचलं, घडी घातली आणि दोनची इंजेक्शनं द्यायला गेले. शालनला उलट लिहिलं, 'बरं केलंस.' ते खोटं होतं.

त्यानंतर दोन वर्षांनी उम यूसुफ माझ्या वॉर्डात आली. उम यूसुफ म्हणजे यूसुफची आई. तिचं स्वतःचं नाव मी कधी ऐकलंच नाही. यूसुफ मोठा व्यापारी होता. आईच्या पोटात गाठ निघाली तेव्हा त्याने तिला व्हिएन्नाला न्यायचं ठरवलं, आणि म्हातारीने सांगितलं, ही हिंदी पोरगी बरोबर असेल तरच येईन. रजा त्यानेच मिळवून दिली.

व्हिएन्नात सात आठवडे मी तिच्या पलंगाशेजारी लोखंडी खाटेवर झोपले. ऑपरेशन झालं. म्हणजे पोट उघडलं आणि तसंच शिवलं. शेवटच्या आठवड्यात यूसुफ आला. डॉक्टरांशी बोलून तो व्हरांड्यात माझ्यापाशी थांबला. डोळे लाल.

"हे म्हणतात, आता काही करण्यासारखं नाही. घरी न्या," तो म्हणाला. "मी उद्या तिला लंडनला नेतोय. तिथे दुसरा डॉक्टर बघेल. तिला काही सांगायचं नाही. आज मी तिकिटांचं बघतो, तू तिला शहर दाखव. तेवढाच जीव रमेल."

मी मान हलवली. मनात आलं, लंडन म्हणजे आणखी सात आठवडे, आणखी एक खाट.

घोडागाडी ठरवली. गाडीवानाने उम यूसुफला लहान मुलासारखं उचलून आत बसवलं. काळ्या पायघोळ अबायावर हॉस्पिटलचं करडं ब्लँकेट, पायांत माझे लोकरीचे मोजे. लोक वळून बघत होते. मोठ्या चर्चचं रंगीत कौलांचं छप्पर मी तिला दाखवलं, ती म्हणाली, "छान." राजवाडा दाखवला, ती म्हणाली, "एवढं झाडायला बायका किती लागत असतील." पुतळ्यांकडे तिने बघितलंही नाही. मी ख्रिस्ताचं लेकरू, बाबांच्या पुस्तकात अशाच चर्चचं चित्र होतं. लहानपणी मी ते तासन्‌तास बघायचे. आता ते खरं समोर होतं आणि मला फक्त चपला काढून पाय वर घेऊन बसायचं होतं.

तिला पाणी बघायचं होतं. कालव्याच्या काठावर बाक होता, गाडीवानाने तिला तिथे ठेवलं.

"हे गोडं आहे?" तिने विचारलं.

"गोडं."

ती बराच वेळ बघत राहिली. तिच्या तरुणपणी कुवेतला प्यायचं पाणी बसऱ्याकडून गलबतांतून यायचं. दारावर पखाल यायची तेव्हा आधी पाहुण्याला, मग मुलांना, उरलं तर बाईला. "इथे कुणी भांडंसुद्धा घेऊन आलेलं नाही," ती म्हणाली. मग त्याच आवाजात, पाण्यावरची नजर न काढता, "बिन्ती, मी बरी होणार आहे का?"

बिन्ती म्हणजे लेकी. सात आठवडे ती मला तेच म्हणत होती.

"यूसुफना विचारा," मी म्हणाले.

"यूसुफ माझा मुलगा आहे. तो मला रडवणार नाही. म्हणून तुला विचारतेय."

मला शालनची तीन महिन्यांची पत्रं आठवली. सगळ्यांत तेच वाक्य, तेच वळणदार अक्षर. मी म्हणाले, "नाही, आई. डॉक्टर घरी न्या म्हणाले. यूसुफ उद्या तुम्हाला लंडनला नेणार आहेत."

तिने माझा हात धरला. तिचीच बोटं गार होती, तरी तीच माझा हात चोळत बसली. थोड्या वेळाने म्हणाली, "मला फहाहीलला जायचंय. भावाच्या घरी. मी तिथे जन्मले."

संध्याकाळी तिने मुलाला सांगितलं. दाराबाहेर मला दोघांचे आवाज ऐकू येत होते, आधी त्याचा, मग बराच वेळ फक्त तिचा. बाहेर आल्यावर यूसुफ मला म्हणाला, "मी विश्वास ठेवला होता." ते खरंच होतं. विमानात तो माझ्याशी बोलला नाही, नंतरही कधी नाही.

कुवेत शहराबाहेर फहाहीलला, समुद्राच्या बाजूला भावाचं मातीचं घर होतं. आठवड्यातून एकदा, सुटीच्या दिवशी, मी बसने जायचे. भावाच्या सुना तिच्याभोवती बसून मासे साफ करायच्या आणि ती पडल्यापडल्या त्यांना रागवायची. तिचे शेवटचे चार महिने असे गेले. दुखायचं फार. मी सुया द्यायचे. एकदा तिने ओरडून मला शिव्या घातल्या, लंडनला का नाही जाऊ दिलंस म्हणून. दुसऱ्या खेपेला माझ्यासाठी खजूर राखून ठेवले होते. कालव्यावर त्या दिवशी मी तिच्यासाठी खरं बोलले की माझे पाय थकले होते म्हणून, हे मला अजून सांगता येत नाही.

ती गेल्यावर मी रजा काढून घरी गेले. सहा वर्षांत पहिल्यांदा. शालनने पुरणपोळी केली होती. जेवण झाल्यावर मी म्हटलं, "बाबांचं सगळं सांग. पहिल्या दिवसापासून."

"आता कशाला, अक्का?"

"सांग."

तिने सांगितलं. दुपार गेली. शेवटी-शेवटी ते शालनलाच मी समजायचे, पेज कुणाच्या हातची खायचे, खोकल्याची उबळ आली की भिंतीवर मूठ कशी आपटायचे. सांगताना ती माझ्यावर चिडली. "तू नव्हतीस," म्हणाली. "मी एकटीने केलं आणि वर तुला हसरी पत्रंही लिहिली." हे तिने मला आधी कधीच म्हटलं नव्हतं. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि झोपूनच गेले.

मी पुन्हा कुवेतला आले, अजून इथेच आहे. शालनची पत्रं आता वेगळी येतात. मागच्या पत्रात होतं की विहीर आटली, धाकटा गणितात नापास झाला, तिच्या नवऱ्याने पुन्हा दारू सुरू केलीय, आणि 'तू पाठवलेली साडी मला मुळीच आवडली नाही.' ड्यूटीवरून येऊन मी ते दोनदा वाचलं. सहा वर्षं मला वाटायचं घर सुटलं. ते पत्र हातात असताना तसं वाटलं नाही.