आडवी रेघ

बायांनो, आज सकाळपासून माझा जीव थाऱ्यावर न्हाई.

धरणाचं पाणी चढत चढत कारवीच्या रानात शिरलंय आन् आमची गाभण शेळी तितंच हरवली. मी दोन खेपा हुडकून आले. शेळी करडी, कारवीची दांडकीबी करडी. काय बी उमगंना.

तवा काठावरनं सासूबाई वरडल्या, "अगं, शेळी हुडकू नगंस! दांडकी समदी उभी हायेत. आडवं काय दिसतंय ते बघ!"

पुन्हा नजर फिरवली, तर चार पावलांवर तिची आडवी पाठ लगेच दिसली. पाय वेलात गुतलेला, पाणी पोटाला लागलेलं, भेदरून मुकी उभी होती. सोडवून घरी आणली.

पर दोन्ही खेपा मी तिच्याजवळनंच गेले होते. सांगा, आता ह्या डोळ्यांवर भरवसा कसा ठेवू?