नानांचं एबोनाइट

हेमचंद्रला वस्तू फोडण्याचा पगार मिळत असे. सिंगापूरच्या आंग मो किओ भागातल्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत तो प्लॅस्टिकची झाकणं, बटणं, पेट्या घेऊन बसे. त्यांना तापवी, गारठवी, पिरगाळी, उंचावरून आपटी आणि त्या कधी तडकतात याची शांतपणे वाट बघे. असा माणूस घरी सिंहासारखा वावरत असेल असं कुणालाही वाटेल. पण इतकी वर्षं वस्तू तडकताना पाहून हेमचंद्र एवढंच शिकला होता की जगातलं सगळं तडकतं, प्रश्न फक्त आज की उद्या एवढाच. हॉकर सेंटरच्या खाऊगल्लीत जेवायला गेला तरी तो आधी प्लॅस्टिकची खुर्ची उलटी करून तिचे पाय तपासायचा. नूडल्सवाली आंटी लांबूनच ओरडायची, "आज खुर्ची ओके ऑर नॉट?" मुलगी ऋता लाजेनं टेबलाखाली जायची आणि सिंगापुरी लहेजात म्हणायची, "बाबा, स्टॉप इट लाह!"

पण खुर्च्या, विमानाच्या खिडक्या, लिफ्टची बटणं या सगळ्यांची भीती किरकोळ. हेमचंद्रची मुख्य भीती पुण्यात राहत होती आणि २०१४च्या नवरात्रात ती तीन आठवड्यांसाठी त्याच्या क्लेमेंटीच्या फ्लॅटमध्ये राहायला आली. ही भीती म्हणजे त्याचे सासरे प्रतापराव, म्हणजेच नाना.

नानांनी शाळेत आयुष्यभर भूमिती शिकवली होती आणि माणसांकडेही ते कोन मोजल्यासारखे बघत. लग्न ठरताना त्यांनी हेमचंद्रला विचारलं होतं, "आपण नक्की काय करता?" हेमचंद्र म्हणाला, "वस्तू कधी मोडतील ते बघतो." त्यावर नाना म्हणाले, "आणि मोडू नयेत म्हणून काय करता?" लग्नाला इतकी वर्षं झाली, मुलगी शाळेत जायला लागली, तरी या प्रश्नाचं उत्तर हेमचंद्रला सुचलेलं नव्हतं.

नानांचं एक शाईचं पेन होतं. गर्द हिरवं, संगमरवरासारख्या रेषांचं, टोपणाच्या काठाला पितळेचं कडं. नाना ते कुणाच्या हाती देत नसत. आलेल्या पाहुण्याला ते पेन लांबून दाखवत आणि सांगत, "असली एबोनाइट आहे. प्लॅस्टिक नव्हे! प्लॅस्टिकची पेनं चार वर्षांत तडकतात. हे माझ्यानंतरही राहील." सिंगापूरला आल्यावर हे वाक्य त्यांनी शेजारच्या चिनी आजोबांना मराठीतून ऐकवलं होतं आणि आजोबांनी मान डोलावली होती.

खंडेनवमीला घरात शस्त्रपूजा होती. हेमचंद्रची बायको अनघा विद्यापीठात संशोधन करायची, तिनं आपली थेंब मोजायची पिपेट आणली. ऋतानं स्कूटर आणली. लॅपटॉप, सुरी, मिक्सरचं भांडं, सगळी हत्यारं पाटाशेजारी जमा झाली. ती पुसून लखलखीत करायचं काम जावयाकडे आलं. आणि मग नाना उठले, खिशातलं पेन काढलं आणि हेमचंद्रपुढे धरलं.

"घ्या. नीट पुसा."

नानांनी आजवर हेमचंद्रच्या हातात चहाचा कपसुद्धा दिला नव्हता, टेबलावर ठेवत. तो पेन घेऊन खिडकीपाशी गेला. प्रयोगशाळेच्या सवयीनं त्याच्या प्रत्येक खिशात अल्कोहोलचे वाइप्स असत. घरातली सगळी हत्यारं त्यानं त्या वाइप्सनीच पुसली होती. एबोनाइट म्हणजे कडक रबर, त्याला अल्कोहोलनं काही होत नाही, हे त्याला पाठ होतं. त्यानं टोपण पुसलं, कडं पुसलं, कड्याखालचा वर्षांचा मळ हलकेच काढला.

आणि त्याच्या डोळ्यांदेखत कड्यापासून एक केसाएवढी रेघ वर सरकली. मग दुसरी. मग तिला फुटलेल्या फांद्या. क्षणात टोपणभर कोळ्याचं जाळं पसरलं.

असं जाळं त्यानं कामावर हजारदा पाहिलं होतं. ताणाखालच्या अ‍ॅक्रिलिक प्लॅस्टिकला अल्कोहोल लागलं की असंच होतं. घट्ट बसवलेल्या कड्यानं ते टोपण इतकी वर्षं ताणाखाली धरलं होतं, आणि हेमचंद्रनं नेमकं त्याच जागी अल्कोहोल लावलं होतं. म्हणजे पेन फुटलं, ही एक गोष्ट. आणि हे एबोनाइट कधी नव्हतंच, ही दुसरी. पहिली गोष्ट सांगायच्या विचारानंच थरकाप होत होता. दुसरी सांगायची कल्पनाच त्याला करवेना.

"झालं का हो?" सासूबाईंनी, म्हणजे सरोजिनीबाईंनी आवाज दिला.

"झालं, झालं!" हेमचंद्र म्हणाला. जास्त तडे गेलेली बाजू भिंतीकडे करून त्यानं पेन पाटावर ठेवलं आणि त्यावर झेंडूचं भलंमोठं फूल ठेवलं. सासूबाईंनी ते फूल बाजूला केलं. "आधी हळदकुंकू, मग फूल," त्या म्हणाल्या आणि ओल्या कुंकवाचं बोट टोपणावर ठसठशीत टेकवलं. कुंकू तड्यांत झिरपलं. हिरव्या टोपणावर लालभडक नद्यांचा नकाशा उमटला. हेमचंद्रनं पुन्हा फूल ठेवलं, त्यावर आणखी एक, आणि मग सगळी परडीच उपडी केली.

"पेनावर फार भक्ती दिसते जावईबापूंची," नाना म्हणाले. त्यांच्या स्वरात चक्क कौतुक होतं. हेमचंद्रला रडू यायचंच बाकी राहिलं.

पूजेतलं हत्यार दसऱ्यापर्यंत हलवायचं नाही, असा घरचा नेम. तेवढ्यावर त्याचा एक दिवस निभावला. पण त्या दिवसात त्याला धड जेवण गेलं नाही. पाटाजवळून ऋता धावली की तो कानांवर हात ठेवी. अनघानं त्याला स्वयंपाकघरात गाठलं.

"काय झालंय तुला? कंपनीतून काढलं का?"

"तेवढंच झालं असतं तर बरं होतं."

"मग?"

"नानांचं पेन..." असं म्हणून त्यानं दोन्ही हातांनी हवेत काहीतरी फुटल्याची खूण केली.

अनघा खाली बसली. "मी सांगणार नाही हं त्यांना," ती म्हणाली. "एकदा लहानपणी मी त्याची निब वाकवली होती. अजून मला त्यांच्या खोलीत जायची भीती वाटते."

दसऱ्याच्या सकाळी सगळे पाटाभोवती जमले. दरवर्षी नाना याच दिवशी नव्या कागदावर पहिलं "श्री" काढत. त्यांनी शुभ्र सदरा घातला होता. हेमचंद्रला पुढचं सगळं दिसत होतं: नाना टोपण फिरवणार, टोपणाच्या ठिकऱ्या उडणार, एखादी बोटात घुसणार, सदऱ्यावर शाई, शाईवर रक्त, आणि त्यावर नानांची नजर. नानांनी फुलं बाजूला सारली, पेन उचललं आणि दोन बोटांनी टोपण धरलं.

"फिरवू नका!" हेमचंद्र किंचाळला.

समोरच्या इमारतीतलं कबुतरसुद्धा उडालं. नाना थिजले. मग त्यांनी पेन उजेडात धरलं, लाल नद्या पाहिल्या आणि म्हणाले, "जरा इकडं या."

ते त्याला बाल्कनीत घेऊन गेले, कपडे वाळत घालायच्या बांबूंपाशी. हेमचंद्रनं सगळं एका दमात सांगितलं: वाइप, ताण, कडं. मग डोळे मिटून शेवटचं वाक्य: "नाना, एबोनाइटला असं होत नाही. हे... प्लॅस्टिक आहे."

त्यानं डोळे उघडले तर नाना त्याच्याकडे बघतच नव्हते. ते मान वळवून आत, सरोजिनीबाईंकडे बघत होते, आणि त्यांच्या कपाळावर घाम होता.

"हिला बोललात?" त्यांनी कुजबुजत विचारलं.

"नाही."

"पेन घेताना दुकानातच ती म्हणाली होती, फसवतोय तो तुम्हाला. मी दुकानातून तिला बाहेर काढलं." नानांनी पुन्हा आत पाहिलं. "आणि सगळ्यांना सांगितलंय हो मी. सगळ्या पुण्याला."

हेमचंद्रनं आयुष्यात पहिल्यांदा नानांना घाबरलेलं पाहिलं, आणि ते इतकं भयंकर होतं की त्याला स्वतःची भीती परवडली असती.

"काय कुजबुज चाललीये?" सरोजिनीबाई दारात आल्या. पेन पाहून त्यांनी कमरेवर हात ठेवले. "तडकलं? मग, मी काय म्हणत होते?"

"एबोनाइटसुद्धा तडकतं," नाना म्हणाले. "वयानं. विचार या इंजिनिअरला."

सगळे हेमचंद्रकडे बघू लागले. त्याच्या अहवालांवर जगभरच्या कंपन्या डोळे मिटून विश्वास ठेवत. त्यात त्यानं आजवर एक दशांशचिन्हसुद्धा इकडचं तिकडे केलं नव्हतं.

"तडकतं," तो म्हणाला. "विशेषतः... समुद्राच्या हवेत."

"बघ!" नाना गरजले. त्यांचा आवाज परत आला, रंग परत आला, आणि त्यांनी हेमचंद्रच्या पाठीवर अशी थाप मारली की तो बांबूंवर आदळला. सरोजिनीबाईंनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं, "बरं," एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या. त्या "बरं"नं दोघांच्याही अंगावर काटा आला.

पण नानांना आता हुरूप आला होता. त्यांनी फोन काढून थेट पुण्यातल्या मित्राला लावला. "संजीव? ऐक. एबोनाइट समुद्राच्या हवेत तडकतं, तुला माहीत होतं का? अरे, माझा जावई त्यातला तज्ज्ञ आहे! हो, मोठा. पुढच्या महिन्यात येतोय तो. आपल्या ज्येष्ठ नागरिक मंडळात त्याचं व्याख्यान ठेव. केमिस्ट्रीचे सगळे निवृत्त प्राध्यापक बोलाव, प्रश्न विचारायला. थांब, त्यालाच देतो."

आणि त्यांनी फोन हेमचंद्रच्या हातात दिला. टेबलावर न ठेवता, थेट हातात.

"नमस्कार काका," हेमचंद्र म्हणाला. पलीकडून पहिला प्रश्न आला, समुद्राच्या हवेनं एबोनाइट तडकतं ते नेमकं कसं, आणि त्याचं उत्तर पुस्तकात कुठंच नव्हतं.