काठी म्हणजे वजन नव्हे

डॉक्टरांनी माझ्या वडिलांना, अप्पांना, विचारलं, "जड काही उचलत नाही ना?" अप्पा लगेच म्हणाले, "न्हाय की. गोणीला हात लावत न्हाय." डॉक्टरांनी मान हलवली, गोळ्या त्याच चालू ठेवल्या आणि आम्ही बाहेर आलो. रिक्षात बसल्यावर माझ्या लक्षात आलं, की अप्पा रोज संध्याकाळी सरावाला जातात.

सोलापुरात संक्रांतीला भरणाऱ्या सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वज पेलणाऱ्यांमध्ये अप्पा लग्नाच्या आधीपासून आहेत. दुमजली घराच्या वर जाणारी ही नंदीध्वजाची काठी एकट्या माणसानं कमरेच्या पट्ट्यावर टेकवून, दोन्ही हातांनी तोलत चालायचं असतं. म्हणून संक्रांतीच्या कितीतरी आधी सराव सुरू होतो. गेल्या उन्हाळ्यात अप्पांच्या हृदयात स्टेंट बसवला. तेव्हापासून मार्केट यार्डातली हमाली सुटली. त्याच अडत्याकडे ते आता वजनकाट्याजवळ बसून असतात. घरी पाण्याची कळशीसुद्धा अव्वा, म्हणजे माझी आई, त्यांना उचलू देत नाही.

"अप्पा, काठीचं का नाही सांगितलं?"

त्यांना माझा प्रश्नच कळला नाही. "त्येनी वजनाचं विचारलं. काठी काय वजन असतंय व्हय?"

ते लपवत नव्हते. आमच्या घरात कुणीही हेच उत्तर दिलं असतं. कदाचित मीही, कॉलेजला जायच्या आधी.

आमच्या घरात दहावीच्या पुढं गेलेली मी पहिली. त्यामुळं दवाखान्याची फाईल माझ्याकडं असते आणि डॉक्टर इंग्रजीत काही बोलले की सगळे माझ्या तोंडाकडं बघतात. मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय रसायनशास्त्र. हृदयाचं मला खरं तर काहीच कळत नाही. हे घरी कुणाला पटत नाही. काठी धरावी की नाही, हे मी घरी काढलं तेव्हा अव्वा म्हणाली, "तू शिकलीस, तूच सांग काय ते." शेजारचे काका, जे अप्पांबरोबर आळीपाळीनं तीच काठी पेलतात, ते दारातून म्हणाले, "सांग की. शरीर जपून ठेवून काय लोणचं घालायचंय का?" अव्वा त्यांच्यावर इतकी भडकली, की चहा न घेताच ते गेले.

त्या आठवड्यात मी फोनवर नको ते वाचत बसले. अप्पा दुपारी झोपले, की त्यांची छाती हलतेय का ते मी बघायचे. एकदा त्यांनी डोळे न उघडताच विचारलं, "हाय का अजून?" मला हसू आलं नाही.

पण एक गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. स्टेंट बसवल्यापासून अप्पा बोलता बोलता मधेच थांबायचे आणि हात छातीवर ठेवून आत काहीतरी ऐकायचे. सरावाला जायला लागल्यापासून ते थांबलं होतं.

शेवटी मी त्यांना पुन्हा दवाखान्यात नेलं आणि डॉक्टरांना सगळं सांगितलं. डॉक्टर सोलापूरचेच, काठी म्हणजे काय ते त्यांना सांगावं लागलं नाही. त्यांनी पेन खाली ठेवलं. "काठी नको, अप्पा. मी हो म्हणणार नाही."

"न धरली तर किती वर्षं मिळतील?"

"ते कसं सांगू?"

"आन् धरली तर किती जातील?"

"तेही सांगता येत नाही. धोका आहे, एवढं नक्की."

अप्पा उठले. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "तू 'नको' म्हण. न्हाय धरत मी."

त्यांनी हे रागानं म्हटलं असतं तर बरं झालं असतं. मी 'नको' म्हणायला तोंड उघडलं. तो शब्द येईना, आणि 'धरा' म्हणायचीही छाती होईना. शेवटी मी म्हणाले, "थोडंसं."

"थोडंसं म्हंजे कुटंपर्यंत?"

मग आम्ही दोघं दवाखान्याच्या पायरीवर कांद्याचा भाव करावा तशी घासाघीस करत बसलो. ते म्हणाले देवळापर्यंत. मी म्हणाले गल्लीच्या तोंडापर्यंत. पुढच्या चौकातल्या पिंपळावर सौदा पटला.

यात्रेच्या दिवशी पांढऱ्या बाराबंदीत अप्पांनी काठी घेतली. मी गर्दीच्या कडेनं, लोकांच्या रांगोळ्या चुकवत, त्यांच्या बरोबरीनं चालत होते. माझं लक्ष काठीकडं नव्हतंच. त्यांच्या ओठांचा रंग बदलतो का, एवढंच मी बघत होते. पिंपळ आला. काका हात पुढं करून सरसावले. अप्पांनी मानेनंच नको म्हटलं आणि ते पुढं गेले.

मी ओरडले. 'हर्र बोला'च्या गजरात ते कुणालाच ऐकू गेलं नाही. अव्वाला काय सांगायचं, हे माझ्या डोक्यात तेव्हाच सुरू झालं होतं.

पिंपळाच्या बऱ्याच पुढं त्यांनी काठी काकांकडं दिली आणि ते एका ओट्यावर बसले. घामानं बाराबंदी अंगाला चिकटली होती. मी त्यांचं मनगट धरलं, ठोके मोजायला लागले, चुकले, पुन्हा सुरुवात केली.

"मोजू नको गं जरा," ते म्हणाले. त्यांना धाप लागली होती. "काठी जातीय, बघू दे."

मी मोजणं थांबवलं. मनगट मात्र सोडलं नाही.